तिसरी रेघ

हाडवाल्या बाईंनी सतरा नंबरचा जबडा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, परत टेबलावर ठेवला आणि हात धुऊन आल्या. हात धुण्यासारखं काही झालेलं नव्हतं. आल्या आणि पुन्हा तोच जबडा उचलला. सकाळपासून असंच चाललं होतं. बूड म्हणून खुर्चीला टेकत नव्हतं.

खरं तर हे बसून करायचं काम. रस्ता रुंद करायला खणलं तेव्हा खाली एक दफनस्थान निघालं होतं, हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचं. तिथली माणसं एकेक करून या लांबलचक खोलीत आली, मऊ ब्रशने धुतली गेली, सावलीत वाळली आणि मग डोक्यापासून पायापर्यंत मांडून ठेवली गेली, डावं डावीकडे, उजवं उजवीकडे. त्यांच्याशी ओळख करून घेणं हे बाईंचं काम. कितव्या वर्षी गेली, आयुष्यभर काय उचललं, उकिडवी बसायची की मांडी घालून, कुठे दुखत असेल. लोक आधी त्यांना मागून 'हाडवाल्या बाई' म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले, आता पार्सलवालासुद्धा दारात उभा राहून तेच विचारतो. बाईंना त्याचं काही वाटत नाही. एवढी वर्षं मी हाडांवरच जगतेय, असं त्या स्वतःच म्हणतात आणि समोरचा बिस्किट अर्धं खाली ठेवतो.

आजची तगमग हाडांची नव्हती, दातांची होती. तीही टेबलावरच्या दातांची नव्हे. संध्याकाळी त्यांची लेक दातांच्या डॉक्टरकडे जाणार होती आणि जाता जाता आईला इथून घेऊन जाणार होती.

लेकीचं कागदावरचं नाव वेगळं, पण घरात ती खारू. अनाथालयातून बाईंच्या घरी आली तेव्हा तोंडात घास धरून तासन् तास हिंडायची, गिळायची नाही. गाल फुगलेले, डोळे सगळीकडे. बाईंच्या आईने, म्हणजे आजीने, पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, ही खार आहे. उशीखाली पाव, कपाटात मोज्यांमागे पाव, एकदा छत्रीत पाव. ते सगळं मागे पडलं, नाव राहिलं. आता खारू लहान मुलांना गाणं शिकवते. आणि गाणं शिकवायचं म्हणजे, मुलांनो, तोंड उघडा, असं उघडा, हे स्वतः उघडून दाखवावं लागतं. तिच्या वरच्या दातांवर आडव्या रेघा आहेत, खोलगट, बोटाला लागतील अशा. मागच्या महिन्यात एका पोरीने सगळ्या वर्गासमोर विचारलं, ताई, तुमच्या दातांना पायऱ्या का आहेत? खारू हसली, तोंडावर हात ठेवून. ती लहानपणापासून तशीच हसते. घरी येऊन म्हणाली, बास झालं, आता मला हात खाली ठेवून गायचंय. डॉक्टर पुढचे सहा दात थोडेसे घासणार आणि त्यावर पातळ पांढरं कवच बसवणार होता. घासण्याचं काम आजच.

यात कुणी हरकत घेण्यासारखं काय होतं? बाईंनीही घेतली नव्हती. छान होईल, म्हणाल्या होत्या. आणि तेव्हापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

कारण त्या रेघा म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं. दात हिरडीच्या आत घडतो, टोकाकडून मुळाकडे, थरावर थर. पोर फार आजारी पडलं, उपाशी राहिलं, की शरीर ते काम थांबवतं. पोर सावरलं की पुन्हा सुरू करतं. मध्ये राहते ती रेघ. हाडं आयुष्यभर बदलत राहतात, बरगडी तर शेवटच्या काही वर्षांचंच सांगते. दात मात्र एकदा घडला की घडला. लहानपणी लिहिलेलं तो म्हातारपणी खोडत नाही. म्हणून रेघ टोकापासून किती लांब आहे हे मोजलं की ती कितव्या वर्षातली ते साधारण कळतं. सतरा नंबरच्या बाईलाही अशा रेघा होत्या. ती वाढली, बहुतेक लेकुरवाळी झाली, डोक्यावर ओझी वाहून तिची मान झिजली, आणि लहानपणीचा तो वाईट काळ ती शेवटपर्यंत दातांवर घेऊन वावरली.

खारूच्या दातांवर अशा तीन रेघा होत्या. बाईंनी त्या कधी मोजपट्टी लावून मोजल्या नव्हत्या. लागत नव्हती. त्यांच्या डोळ्यांना ती सवय होती, दुसऱ्यांच्या आया मुलांच्या कानामागचा मळ बघतात तशी. दोन रेघा पटाशीच्या दातांवर, साधारण दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षातल्या. तिसरी सुळ्यांवर, हिरडीच्या जवळ, दोन्ही बाजूंना सारखी. ती पाचव्या वर्षातली. आणि खारू त्यांच्या घरी आली ती चार वर्षांची असताना.

तिसरी रेघ बाईंच्या घरातली होती.

खारूला आणून सहा-सात महिने झाले असतील, तेव्हा बाई खणायला गेल्या होत्या, सगळा हिवाळा. तसं काम पुन्हा मिळालं नसतं. पोरीला आजीपाशी ठेवलं. आजी फोनवर सांगायची, पोर जेवत नाही गं, ताटातलं तसंच राहतं. बाई म्हणायच्या, होईल सवय. परत आल्या तेव्हा पोरीची मनगटं काटक्यांसारखी झाली होती. पुढे काही वर्षांनी सुळे आले, रेघ घेऊनच आले, आणि बाईंना ती लांबून वाचता आली. त्यांनी कुणालाही काही सांगितलं नाही. खारू हसायची, हात तोंडावर जायचा, आणि दर वेळी बाई दुसरीकडे बघायच्या.

आता डॉक्टर ती रेघ घासून टाकणार होता. विषय संपणार होता. कधी सांगायची वेळच येणार नव्हती. बाईंना हायसं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटतही होतं, त्याचीच जास्त लाज वाटत होती.

दुपारी संग्रहालयाचे प्रमुख आले. त्यांना सतरा नंबरच्या पाटीची घाई होती, प्रदर्शन तोंडावर आलं होतं. वय सांगा, छपाईला द्यायचंय, म्हणाले. बाई म्हणाल्या, पस्तीस ते पन्नास.

"बाई, ही काय चपलेची किंमत आहे? इतक्यापासून इतक्यापर्यंत? लोकांना एक आकडा लागतो. बेचाळीस लिहू?"

"बेचाळिसाव्या वर्षी गेली हे तुम्हाला कुणी सांगितलं, तिने?"

प्रमुख सज्जन माणूस. हसले, आणि दुसरी मागणी पुढे केली. मग निदान 'दुष्काळात वाढलेली स्त्री' एवढं तरी लिहू या. त्याला वजन येतं. बाईंनी तेही मोडून काढलं. दुष्काळ असेल, ताप असेल, जंत असतील, पाठचं भावंड झाल्यावर दूध तुटलं असेल. सगळ्याची रेघ सारखीच दिसते. रेघ कधीची ते थोडंफार कळतं, कशाची ते कळत नाही. प्रमुख म्हणाले, तुमच्याकडून पाटी लिहून घेणं म्हणजे पाण्यावर रेघ ओढणं आहे. मग जाता जाता आठवण केली की सतरा नंबरची एक दाढ तपासणीला जायची आहे, ती बाई लहानपणी कुठलं पाणी प्यायली ते बघायला, तेव्हा ठसा आजच घ्या.

हा त्यांच्या कामातला नियमच. काही कापायचं, घासायचं, दळायचं असेल, तर आधी त्याचा ठसा घ्यायचा. वस्तू गेली तरी आकार राहतो. बाईंनी दोन रंगांचा लगदा कालवला, सतराच्या दाढेवर दाबला, सुकेपर्यंत खोलीभर फेऱ्या मारल्या. ठसा सोडवला. चांगला आला होता. डबे तसेच उघडे ठेवून त्या पुन्हा हात धुवायला गेल्या.

परत आल्या तर खारू येऊन सतरा नंबरपाशी उभी होती, गळ्यात पिशवी, एका पायावर. ती या खोलीत लहानाची मोठी झालेली. शाळा सुटली की याच टेबलांच्या टोकाला बसून गृहपाठ करायची.

"चल, उशीर होईल. तुझा चेहरा असा का झालाय? दात माझे घासणार आहेत."

बाई चष्मा शोधू लागल्या. तो डोक्यावर होता. पर्स घेतली, ठेवली. दिवा बंद केला, लावला. आणि मग त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, थांब, आधी ठसा घेऊ.

"माझा?"

"घासायच्या आधी घेतात."

खारूने आईकडे नीट पाहिलं. मग पिशवी काढून ठेवली आणि दिव्याखालच्या स्टुलावर बसली. नवीन कालव हं, म्हणाली, सतरा नंबरचं उरलेलं मला नको. आणि मला नंबर देणार असशील तर चांगला दे.

बाईंनी नवे हातमोजे घातले, लगदा कालवला, खारूच्या वरच्या सहा दातांवर दाबला आणि बोटांनी धरून ठेवला. हे तोंड त्यांनी असं धरल्याला किती वर्षं झाली होती. खारू आली त्या आठवड्यात त्यांनी टॉर्च घेऊन आत पाहिलं होतं, आणि ती कडकडून चावली होती. एवढ्या नोकरीत हाडवाल्या बाईंना चावलेलं हे एकच माणूस.

"आता बोलायचं नाही. हललीस तर फाटेल."

खारूने भुवया उंचावल्या. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिपाणी वाजत राहिली. ती थांबली. आणि त्या शांततेत, समोरच्याला एक अक्षर बोलता येत नाही अशी ही आयुष्यातली एकच वेळ आहे, हे बाईंच्या ध्यानात आलं.

मग त्यांनी सांगितलं. आधी कामाचं सांगतात तसंच, थर, वाढ, थांबणं. ही रेघ दुसऱ्या वर्षातली, ही तिसऱ्यातली, त्या माझ्याकडे येण्याच्या आधीच्या, त्यांचं मला काही करता आलं नसतं. मग आवाज जरा वर गेला.

"सुळ्यावरची माझी आहे, खारू. तेव्हा तू माझ्या घरात होतीस. मी खणायला गेले. आजी सांगत होती तू जेवत नाहीस म्हणून, आणि मी आले नाही."

खारूने घशातून काहीतरी आवाज काढला. बाई म्हणाल्या, हलू नको. बोटांखाली दात होते आणि दातांमागून लेकीचा गरम श्वास येत होता. लगदा कधीच घट्ट झाला होता, तरी बाईंनी सोडलं नाही. सोडलं की उत्तर येणार.

शेवटी खारूनेच त्यांचं मनगट धरून हात बाजूला केला. ठसा निघाला. तिने नळाशी जाऊन चूळ भरली, पुन्हा भरली, चव घाण आहे म्हणाली आणि रुमालाने तोंड पुसत परत आली. ठसा दिव्याखाली धरून उलटसुलट पाहिला. ठशात रेघ उलटी दिसते, खोलगट नाही, उंचावलेली, वळासारखी.

"ही पाचव्या वर्षातली कशावरून?"

बाईंनी सांगितलं. अंतरावरून.

"बरं. आणि मी आले तेव्हा चार वर्षांची होते, ते कशावरून?"

बाई चष्मा काढून पुसू लागल्या. मग म्हणाल्या, मीच सांगितलं होतं. अनाथालयाकडे जन्मतारीख नव्हती. तुम्हाला यातलं कळतं, तुम्हीच सांगा, म्हणाले. मी तोंडात बघितलं. दुधाचे सगळे आलेले, पक्की दाढ एकही नाही. शाळेला एक आकडा हवा होता.

"म्हणजे तीन ते सहामधलं काहीही. आणि तू चार सांगितलंस."

"तू एवढीशी होतीस. चारचीच वाटत होतीस."

खारू स्टुलावर बसली आणि आईकडे अशी बघू लागली, जशी वर्गातल्या बेसूर पण जीव लावलेल्या मुलाकडे बघत असेल. मग तिने विचारलं, तू खणायला निघालीस तेव्हा माझा पुढचा दात पडला होता, आठवतं? तू तो डबीत घालून बरोबर नेलास. मी दारात रडत होते, सगळ्यांना वाटलं तू चाललीस म्हणून. माझा दात का नेते, म्हणून रडत होते मी.

बाईंना आठवत होतं. ती डबी अजून त्यांच्या टेबलाच्या खणात होती. तुझं सगळंच लवकर, त्या म्हणाल्या. दात लवकर पडले, दाढा लवकर आल्या, वर्गात सगळ्यांत उंच. आजी सगळ्यांना कौतुकाने सांगायची.

"आई. माझ्या वर्गात साडेचार वर्षांचं एकही बोळकं नाही. दात पडलेले असतात ते पहिलीतल्यांचे. 'स' म्हणायला सांगितलं की माझ्या अंगावर थुंकी उडवतात, ते. या टेबलावर एखादी पोर असती, पुढचा दात पडलेला, दाढ डोकावतेय, तर तू तिचं वय काय लिहिलं असतंस?"

उत्तर यायला वेळ लागत नव्हता. ते तर जिभेवरच होतं, झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं.

"पाच ते सात. सहाच्या आसपास."

"मग?"

मग सगळं उलटं झालं. दात पडला तेव्हा सहाची, तर घरी आली तेव्हा साडेपाचची. पाचव्या वर्षातली रेघ आधीची. सगळा पुरावा त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून वाढला होता, दर वाढदिवसाला केक खात होता, आणि त्यांनी तो एकदाही तपासला नव्हता. बाकी जगाच्या वयाला त्या अधिक-उणे लावत आल्या. घरी एकच आकडा धरून बसल्या, आणि त्या आकड्याने त्यांनाच पकडलं.

खारू ठशावरून अंगठा फिरवत होती. आणि मी जेवत नव्हते हेही पूर्ण खरं नाही, म्हणाली. आजी वाढायची, मी निम्मं काढून ठेवायचे. तुझ्या कपाटात, तुझ्या त्या काळ्या बुटांत. आजीला सापडलं की ती फेकायची, मग मी दुसऱ्या दिवशी जास्त ठेवायचे.

"कशाला?"

"तू परत आलीस की तुला लागेल म्हणून. घरातून गेलेल्या माणसाला तिकडे खायला मिळत नाही, असं मला वाटायचं. माझा अनुभव तसाच होता."

बाईंना बूट आठवले. परत आल्यावर पाय घातला तर आत काहीतरी कडक होतं, चुरा झाला. उंदीर झालेत, असं म्हणून त्यांनी बूट झटकले होते.

त्या रडल्या नाहीत. रडायला एके जागी बसावं लागतं. त्या उठून दिवा बंद करायला गेल्या, मग ठसा कापसात गुंडाळला, कुठे ठेवू कळेना, शेवटी पर्समध्ये ठेवला. खारू मागून म्हणाली, म्हणजे सगळा हिवाळा मी तुझ्यासाठी अर्धपोटी राहिले, आणि दातांवर त्याची साधी खूणही नाही? बाई म्हणाल्या, सगळं उमटत नाही. खारू म्हणाली, हे आधी सांगितलं असतंस तर पोटभर जेवले असते.

रस्त्यात तिने विचारलं, मग माझं वय काय? बाई म्हणाल्या, कागदावर तीस आहे. खरं एकतीस ते बत्तीस, साडेबत्तीसही असू शकेल. खारू म्हणाली, वा, घासायला चाललेय दात आणि वाढली दोन वर्षं.

डॉक्टरकडे बाहेरच्या खोलीत खुर्च्या होत्या, मासिकं होती, भिंतीवर एका प्रचंड दाढेचं चित्र होतं, ज्यातली मुळं चुकीची काढली होती. खारू आत गेली. दार अर्धवट उघडंच राहिलं. बाई बसल्या. उठल्या. मासिक चाळलं. पर्समध्ये हात घालून ठशावरची तिसरी रेघ चाचपली. मग हिशेब पुन्हा मांडला, या वेळी नीट, दोन्हीकडे अधिक-उणे लावून. रेघ चार ते साडेपाचमधली. बाई खणायला गेल्या तेव्हा पोर पाच ते सातमधली. म्हणजे दोन्ही पट्टे एकमेकांवर थोडे चढत होते. थोडेच. पण चढत होते.

आत यंत्र सुरू व्हायच्या बेतात होतं. बाई दारापाशी गेल्या. खारू खुर्चीत आडवी, तोंड उघडं, गालांत कापसाचे बोळे, दोन्ही गाल फुगलेले, अगदी आली होती तशी.

"खारू, थोडी शक्यता अजून उरते गं."

डॉक्टरने मागे वळून पाहिलं. खारूला बोलता येत नव्हतं. तिने न वळता हात वर केला, तर्जनीने बाहेरची खुर्ची दाखवली आणि दाखवतच राहिली.

बाई जाऊन बसल्या.